गिगाहर्ट्झच्या साम्राज्याचा अस्त आणि वॅटचा हिशेब

१/२२
घरी एकच डेस्कटॉप आहे. दिवसभर त्यावर टंकलेखन, वाचन, स्प्रेडशीट, व्हिडिओ. शनिवारी रात्री दोन तास गेम. वीज कमी जावी आणि कामही अडू नये, यासाठी त्यात कोणता प्रोसेसर घ्यावा? प्रश्न निव्वळ बाजाराचा वाटतो. परंतु दुकानदार ज्या शब्दांत उत्तर देतो, त्या गिगाहर्ट्झ, कोअर, टीडीपी या प्रत्येक शब्दाला इतिहास आहे. त्या इतिहासात एका बलाढ्य कंपनीची फसलेली मोहीम आहे, तिला आतूनच मिळालेला इशारा आहे आणि परिघावरून आलेला तोडगाही आहे. आजच्या धाग्यात तो इतिहास पाहू आणि शेवटी खरेदीच्या प्रश्नाकडे वळू.

२/२२
आधी थोडे भौतिकशास्त्र. चिपमधील प्रत्येक ट्रान्झिस्टर उघडझाप करतो तेव्हा सूक्ष्म विद्युतभार साठतो आणि रिता होतो. या उघडझापीत खर्च होणारी शक्ती दोन गोष्टींवर मुख्यतः ठरते: क्लॉकची गती आणि विद्युतदाबाचा, म्हणजे व्होल्टेजचा, वर्ग. गती वाढवायची तर बहुधा विद्युतदाबही वाढवावा लागतो. दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवले, तर गतीचा लाभ दहा टक्के. विजेचा खर्च मात्र सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढतो. हे प्रमाण लक्षात ठेवावे. पुढची सारी कथा या एका गुणाकारावर उभी आहे.

३/२२
उष्णतेची चिंता आधुनिक नाही. एप्रिल १९६५ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स’ या नियतकालिकात गॉर्डन मूर यांचा तो प्रसिद्ध लेख आला. चिपवरील घटकांची संख्या ठरावीक काळात दुप्पट होत जाईल, हे त्यातील भाकीत सर्वांना ठाऊक असते. त्याच लेखात आणखी एक प्रश्न होता: इतके घटक एका तुकड्यावर कोंबले तर निर्माण होणारी उष्णता बाहेर कशी काढायची? मूर यांचे उत्तर आशावादी होते. घटक लहान झाले की तितक्याच क्षेत्रफळात, तितक्याच शक्तीवर, अधिक गतीने काम करता येईल, असे त्यांचे प्रतिपादन होते.

४/२२
या आशेला १९७४ मध्ये शास्त्रीय पाया मिळाला. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ट्रान्झिस्टरची मापे आणि विद्युतदाब एकाच प्रमाणात घटवले, तर गती वाढते आणि दर चौरस मिलिमीटरमागील उष्णता तेवढीच राहते. उद्योगाने हा नियम काटेकोर पाळला असे नाही. दाब बराच काळ ५ व्होल्टवरच राहिला. परंतु नव्वदच्या दशकात तो झपाट्याने उतरला आणि २००० च्या सुमारास १.७ व्होल्टच्या आसपास आला. लहान, वेगवान आणि तरीही सुसह्य उष्णतेची चिप: पाव शतक हे वरदान अक्षय आहे असेच वाटत राहिले.

५/२२
त्या काळात क्लॉकची गती हेच सामर्थ्याचे माप बनले. १९७१ च्या इंटेल ४००४ ची गती ७४० किलोहर्ट्झ होती. मार्च २००० मध्ये एएमडीने एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर जाहीर केला आणि अवघ्या दोन दिवसांत इंटेलनेही तोच आकडा गाठल्याची घोषणा केली. दोन दिवसांचा हा फरक तेव्हा मोठी बातमी ठरला. ग्राहकाला एकच आकडा समजत होता, विक्रेत्याला एकच आकडा सांगायचा होता. मग अभियंत्यांनाही तोच आकडा वाढवण्याचे काम मिळाले.

६/२२
नोव्हेंबर २००० मध्ये आलेला पेंटियम ४ या वातावरणाचे अपत्य होता. त्याची पाइपलाइन वीस टप्प्यांची होती. बांधकामावर घमेली हातोहात देणारी माणसांची रांग डोळ्यांपुढे आणा. रांगेत माणसे वाढवली की प्रत्येकाला थोडेसेच अंतर सरकवावे लागते, ताल जलद होतो. पण चुकीचा माल भरला गेला असे शेवटी कळले, तर रांगेतली सगळी घमेली रिकामी करून पुन्हा भरावी लागतात. रांग जितकी लांब, तितके नुकसान मोठे. प्रोग्राममध्ये ‘असे असेल तर इकडे, नसेल तर तिकडे’ असा फाटा आला की प्रोसेसर अंदाज बांधतो आणि अंदाज चुकला की नेमके हेच घडते.

७/२२
परिणामी आरंभीचा १.४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काही कामांत एक गिगाहर्ट्झच्या पेंटियम ३ च्याही मागे पडे. एएमडीची अडचण उलट होती: काम अधिक, आकडा लहान. म्हणून ऑक्टोबर २००१ मध्ये त्यांनी गती सांगणेच मागे टाकले आणि १.५३ गिगाहर्ट्झच्या अॅथलॉन एक्सपीला ‘१८००+’ असे नाव दिले. माप चुकीचे आहे हे एएमडी जाणून होती. तरीही त्या मापाशी मिळतीजुळती संख्या देण्यावाचून तिला गत्यंतर नव्हते. प्रस्थापित मापाची पकड किती घट्ट असते, याचे हे नाव म्हणजे उत्तम साधन आहे.

८/२२
इंटेलमध्ये कोणालाच धोका दिसत नव्हता काय? तसे मुळीच नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये घन-स्थिती मंडलांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत इंटेलचे तंत्रज्ञानप्रमुख पॅट गेल्सिंगर यांनीच इशारा दिला होता. वाढीचा कल असाच राहिला तर चिपवरील उष्णतेची घनता अणुभट्टीची, पुढे रॉकेटच्या नळकांड्याची आणि अखेरीस सूर्याच्या पृष्ठभागाची बरोबरी करील, अशी त्यांची मांडणी होती. इशारा घरातूनच आला होता. पण आखणी, कारखाने, जाहिराती आणि पुढील पिढ्यांचे आराखडे या साऱ्यांची दिशा आधीच ठरलेली होती.

९/२२
त्याच सुमारास डेनार्डचा आधारही निसटू लागला. ट्रान्झिस्टर ‘बंद’ असतानाही त्यातून किंचित प्रवाह झिरपतो. विद्युतदाब जसजसा घटवावा, तसतशी ट्रान्झिस्टर उघडण्याची मर्यादाही खाली आणावी लागते; आणि ती खाली आली की ही गळती अनेक पटींनी वाढते. नळ बंद केला तरी पाणी ठिबकतच राहावे, आणि असे कोट्यवधी नळ असावेत, तशी ही अवस्था. ट्रान्झिस्टर पुढेही लहान होत गेले. विद्युतदाब मात्र एका व्होल्टच्या आसपासच घुटमळत राहिला. फुकटचा लाभ संपला होता.

१०/२२
फेब्रुवारी २००४ मध्ये पेंटियम ४ ची ‘प्रेस्कॉट’ ही आवृत्ती ९० नॅनोमीटर तंत्रावर आली. पाइपलाइन आता एकतीस टप्प्यांची झाली होती. पूर्वीच्या प्रत्येक अनुभवानुसार लहान ट्रान्झिस्टरची चिप अधिक थंड असायला हवी होती. प्रेस्कॉट अधिक तापली, आणि समान गतीला आधीच्या आवृत्तीहून ठळकपणे वेगवानही ठरली नाही. वरच्या मॉडेलांची औष्णिक मर्यादा ११५ वॅटपर्यंत गेली. त्याच वर्षी इंटेलने हवेचा मार्ग सुधारण्यासाठी बीटीएक्स नावाची कॅबिनेट व मदरबोर्डची नवी रचनाही पुढे केली. चिपला आवरता येईना, तेव्हा तिच्याभोवतीची पेटीच बदलण्याचा हा प्रयत्न होता. तोही दोनएक वर्षांत सोडून द्यावा लागला.

११/२२
मे २००४ मध्ये प्रेस्कॉटचा वारस, ‘तेहास’ हा प्रकल्प रद्द झाला. ऑक्टोबरमध्ये चार गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेतही सोडण्यात आला. त्याच महिन्यात अमेरिकेतील एका तंत्रज्ञान परिषदेच्या व्यासपीठावर इंटेलचे मुख्याधिकारी क्रेग बॅरेट यांनी गुडघे टेकून त्याबद्दल क्षमा मागितली. प्रसंग अर्धा विनोदाचा होता, पण त्यात एका युगाची समाप्ती होती. पेंटियम ४ ३.८ गिगाहर्ट्झवर थांबला. दुसरीकडे एएमडीचा अॅथलॉन ६४ सप्टेंबर २००३ मध्येच बाजारात आला होता. काम हलके असताना गती व विद्युतदाब आपोआप उतरवण्याची सोय त्यात होती.

१२/२२
येथे थोडे मागे जाऊ. कमी विजेची विद्या काही २००४ मध्ये जन्माला आली नाही. २६ एप्रिल १९८५ रोजी इंग्लंडमधील केंब्रिज येथे एकॉर्न कंपनीची पहिली एआरएम चिप चालू झाली. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे तिचे शिल्पकार. कमी विजेचे ध्येय त्यांनी ठेवले ते पर्यावरणासाठी नव्हे. महागड्या सिरॅमिकऐवजी स्वस्त प्लास्टिकच्या आवरणात चिप बसवता यावी म्हणून. चाचणीत प्रवाहमापक शून्य दाखवू लागला. शोध घेता कळले की चिपला वीजपुरवठाच जोडलेला नव्हता. इतर जोडण्यांतून झिरपणाऱ्या प्रवाहावर ती चालत होती! काटकसरीतून आलेला हा गुण पुढे मोबाइल युगाचा पाया झाला.

१३/२२
इंटेलला उत्तर सापडले ते तिच्याच परिघावर, इस्रायलमधील हैफा येथे. तेथील चमूचा ‘टिम्ना’ हा स्वस्त संगणकासाठीचा प्रकल्प २००० मध्ये रद्द झाला होता. त्यानंतर त्यांच्याकडे लॅपटॉपसाठीच्या चिपचे काम आले. बॅटरीच्या मर्यादेत गिगाहर्ट्झचा हव्यास परवडणारा नव्हता. त्यांनी पेंटियम ३ च्या परंपरेतील लहान पाइपलाइन पुढे विकसित केली, अंदाज बांधणारी यंत्रणा सुधारली, कॅश मोठी ठेवली आणि चिपचे निरुपयोगी भाग झोपवण्याची व्यवस्था केली. मार्च २००३ मध्ये आलेला १.६ गिगाहर्ट्झचा पेंटियम एम साडेचोवीस वॅटच्या मर्यादेत अनेक कामांत दोन गिगाहर्ट्झहून वेगवान पेंटियम ४-एम च्या तोडीस उतरला.

१४/२२
यापुढचा टप्पा हौशी लोकांनी गाजवला. २००५ मध्ये असूसने एक छोटा अडॅप्टर विकायला काढला. त्याच्या साहाय्याने लॅपटॉपचा पेंटियम एम डेस्कटॉपच्या काही मदरबोर्डवर बसवता येई. ज्यांनी तो बसवला त्यांना आढळले की पंखा जेमतेम फिरतो, आणि गती थोडी वाढवली तर गेममध्ये हा प्रोसेसर त्या काळच्या सर्वांत महागड्या डेस्कटॉप प्रोसेसरांशी टक्कर देतो. दैनंदिन कामाला शांत आणि गेमला समर्थ अशा कमी विजेच्या डेस्कटॉपची आजची अपेक्षा येथे प्रत्यक्षात उतरलेली दिसते.

१५/२२
जुलै २००६ मध्ये हैफाच्याच वंशावळीतील कोअर २ ड्युओ डेस्कटॉपवर आला. मर्यादा ६५ वॅट. त्याआधीचा दोन कोअरचा पेंटियम डी ८४० हा ३.२ गिगाहर्ट्झचा आणि १३० वॅटचा. कोअर २ ड्युओ ई६६०० ची गती होती २.४ गिगाहर्ट्झ, तरीही त्याने बहुतेक चाचण्यांत पेंटियम डीला मागे टाकले. निम्मी मर्यादा, पाऊण गती आणि अधिक काम! गिगाहर्ट्झ हे सामर्थ्याचे माप नाही, हे इंटेलनेच आता जाहिरातीतून सांगायला आरंभ केला.

१६/२२
या कथेतून ‘मूर्ख मुख्यालय आणि शहाणे हैफा’ असा निष्कर्ष काढणे मात्र अनैतिहासिक ठरेल. पेंटियम ४ आखला गेला तेव्हा पंचवीस वर्षांचा पुरावा वेगाच्याच बाजूने होता. हैफाला शहाणपण लादले ते बॅटरीने. शिवाय धडा एकदा शिकला की कायम टिकतो असेही नाही. एएमडीने २०११ च्या बुलडोझरमध्ये पुन्हा उच्च गतीची वाट धरली आणि २०१३ मध्ये एफएक्स-९५९० हा २२० वॅटचा प्रोसेसर विकला. तीच कंपनी मार्च २०१७ मध्ये आठ कोअरचा रायझन ७ १७०० घेऊन आली, ६५ वॅटमध्ये.

१७/२२
आता खोक्यावरच्या आकड्यांकडे साधनचिकित्सेच्या दृष्टीने पाहू. हा आकडा कोणी लिहिला, कोणासाठी, आणि काय गाळून? टीडीपी हे विजेच्या मीटरचे वाचन नव्हे; शीतक किती उष्णता वाहून नेणारा हवा, हे सांगणारा तो आकडा आहे. एएमडीच्या अनेक ‘६५ वॅट’ प्रोसेसरांना ८८ वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते. इंटेलने २०२१ अखेरच्या बाराव्या पिढीपासून दोन आकडे देण्यास सुरुवात केली: आय५-१२४०० साठी मूळ ६५ व कमाल ११७ वॅट, आय९-१२९००के साठी १२५ व २४१. दुसरा आकडा शोधून वाचावा.

१८/२२
वेगाच्या शेवटच्या टोकासाठी ताणलेला विद्युतदाब किती महाग पडतो, याचे अलीकडचे उदाहरण २०२४ चे आहे. तेराव्या व चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत अस्थिरतेच्या तक्रारी वाढल्या. प्रोसेसर प्रमाणाबाहेर विद्युतदाब मागत होते, हे इंटेलने मान्य केले; मायक्रोकोडमध्ये दुरुस्ती दिली आणि हमीचा काळ दोन वर्षांनी वाढवला. दुसऱ्या परिच्छेदातील गुणाकार असा वीस वर्षांनीही वसुली करतो.

१९/२२
खरेदीच्या दृष्टीने पहिला प्रश्न: यंत्र बहुतेक तास काय करते? लिहिणे-वाचणे चालू असते तेव्हा प्रोसेसर जवळजवळ विसावलेला असतो. तेव्हाचा खर्च कमाल वॅटवर नव्हे, तर मदरबोर्ड, वीजपुरवठा, ग्राफिक्स कार्ड आणि चिपच्या रचनेवर ठरतो. अनेक तुकडे जोडून केलेले रायझन विसाव्यात थोडे अधिक घेतात. एकसंध तुकड्याच्या चिप सहसा कमी. हिशेब सोपा आहे: साठ वॅटचा फरक, रोज आठ तास, महिन्याचे पंचवीस दिवस म्हणजे १२ युनिट, वर्षाला १४४. युनिटला दहा रुपये धरले तर १,४४० रुपये. वीजबिलाच्या वरच्या टप्प्यात ढकलणारे हेच युनिट असतात, आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टर किती वेळ पुरेल हेही त्यांवरच ठरते.

२०/२२
दुसरा प्रश्न गेमचा. तेथे विजेचा मोठा ग्राहक बहुधा ग्राफिक्स कार्ड असते, प्रोसेसर नव्हे. प्रोसेसरकडूनही गेमला निव्वळ गतीपेक्षा विदा जवळ असण्याचा लाभ अधिक होतो. एप्रिल २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी याचा पुरावा आहे: भावंड असलेल्या ५८००एक्सहून कमी गती, पण ९६ मेगाबाइट एल३ कॅश, आणि गेममध्ये सरशी त्याची. हैफाच्या मोठ्या कॅशची आठवण यावी असा हा प्रसंग. हलके गेम खेळणाऱ्याला तर वेगळ्या कार्डाचीही गरज नाही. २०२४ च्या रायझन ५ ८६००जी सारख्या ६५ वॅटच्या चिपमधील अंगभूत ग्राफिक्स पुरेसे ठरते.

२१/२२
तेव्हा निर्णय असा. दैनंदिन काम आणि अधूनमधून गेम यांसाठी ६५ वॅट वर्गातील सहा कोअरचा अलीकडचा प्रोसेसर पुरे. सर्वांत वरचे मॉडेल हे बहुधा शेवटच्या काही टक्क्यांसाठी कित्येक वॅट जाळते, ते टाळावे. घेतलेच असेल तर बायोसमध्ये इको मोड किंवा शक्तीची मर्यादा लावावी. गती थोडी घटते, उष्णता बरीच. गेममध्ये फ्रेमची मर्यादा ठेवावी. वीजपुरवठा प्रमाणित आणि गरजेपुरताच घ्यावा. आणि असलेला संगणक नीट चालत असेल, तर केवळ विजेसाठी तो बदलू नये: वर्षाला हजार-दीड हजार वाचवण्यासाठी नव्या यंत्राची किंमत वसूल व्हायला बरीच वर्षे जातील.

२२/२२
१८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी ‘द कोल क्वेश्चन’ या ग्रंथात दाखवले की वाफेची इंजिने कार्यक्षम झाली म्हणून ब्रिटनचा कोळसा वाचला नाही. उलट त्याचा वापर वाढला. प्रोसेसरचेही तेच. आजची चिप दर वॅटमागे प्रेस्कॉटच्या कित्येक पट काम करते, तरी आघाडीचे डेस्कटॉप प्रोसेसर तिच्या दुप्पट वीज घेतात, कारण वाचलेली वीज कारखान्यातच पुन्हा वेगासाठी खर्ची घातलेली असते. काटकसर चिपसोबत फुकट मिळत नाही. तिची मर्यादा वापरणाऱ्याने लावायची असते. तुमच्या घरच्या संगणकाचे दोन्ही आकडे, मूळ आणि कमाल वॅट, शोधून खाली लिहा. पुढचा धागा: मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला टिफ्रॅक संगणक.